झाडांची मोजणी आणि मातीची शिल्लक

किती रोपे लावली यावरून वृक्षारोपणाचे यश ठरविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. २०१७ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला, तेव्हाही चर्चा झाली ती आकड्यांचीच. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि डोंगरउतारांवर झाडे लावण्याची मागणी पुन्हा पुढे आली. मोठी दरड केवळ झाडांनी थोपत नाही, हे खरे. परंतु दर पावसाळ्यात वाहून जाणारी माती झाडे धरून ठेवू शकतात, आणि महाड-पोलादपूरच्या शेतीचे भवितव्य त्या मातीवरच अवलंबून आहे.

येथील वरकस जमीन उथळ, उताराची व आम्लधर्मी आहे. पावसाच्या माऱ्यात तिच्यातील नत्र झिरपून जाते, तर स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडले जाते. अशा जमिनीत झाडाचे खरे कार्य जमिनीखाली चालते. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आपल्या सूक्ष्म तंतूंनी स्फुरद मुळांपर्यंत आणते. गिरिपुष्पाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. गळालेला पाला सूक्ष्मजीव कुजवितात. त्यातून मातीचे कण बांधले जातात व पाणी मुरते. मात्र त्यासाठी पाला जमिनीवर राहिला पाहिजे.

नेमके तेच घडत नाही. उन्हाळ्यात वणव्यांत पाला जळतो. राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून त्या रोपांच्या वाफ्यावर भाजल्या जातात. राखेतून पालाश मिळते, तणाचे बी मरते, बेणणीची मजुरी वाचते. ज्या घरातील तरुण मुंबईस गेले, तेथे ही बचत लहान नव्हे. म्हणून शेतकऱ्यास अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. तथापि पाल्यातील बहुतेक नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातात. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी गाडला, तर तेच नत्र भाताला मिळते. शिवाय सर्व झाडे सारखी नसतात. सामाजिक वनीकरणात कोकणभर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ झपाट्याने वाढते, पण तिचा चिवट पाला सावकाश कुजतो.

प्रश्न अखेर अर्थशास्त्राचा आहे. पाला राखण्याचा खर्च डोंगरावरील शेतकऱ्याने आज सोसावयाचा. लाभ मात्र काही वर्षांनी, आणि पुष्कळसा सावित्रीकाठच्या महाड शहराला. २०२१ च्या महापुरानंतर नदीपात्रातील गाळ उपसण्यावर सार्वजनिक पैसा खर्च झाला. त्या गाळात उतारांवरील मातीही होतीच. खाली आलेला गाळ उपसण्यास पैसा मिळतो, तर माती वरच राखणाऱ्यास मोबदला का नसावा? १९९० च्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेत अनुदान रोपे जगण्याशी बांधलेले होते. आता एक पाऊल पुढे टाकून ते मातीतील सेंद्रिय कर्बाशी बांधले पाहिजे. रोपांची संख्या हा केवळ खर्चाचा हिशेब झाला; शिल्लक काय राहिली, ते मातीच सांगेल.