खोकला क्षयाचा की सारकॉयडोसिसचा?

• सारकॉयडोसिस म्हणजे: फुफ्फुसांत व लसिकाग्रंथींत दाहाच्या सूक्ष्म गाठी. नेमके कारण अज्ञात, संसर्गजन्य नाही.

• लक्षणे: कोरडा खोकला, दम, थकवा, काहींना डोळे लाल, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी.

• एक्स-रे: फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच सुजलेल्या ग्रंथी. प्रौढांच्या क्षयात बहुधा वरच्या भागात डाग वा पोकळी.

• टप्पे: छातीविकारतज्ज्ञ स्कॅडिंग यांची एक्स-रेवरून वर्गवारी, १९६१. ० म्हणजे एक्स-रे स्वच्छ. ४ म्हणजे फुफ्फुसात कायमचे व्रण.

• एक्स-रे पुरेसा का नाही? क्षयातही ग्रंथी सुजतात. म्हणून थुंकीची सीबीनॅट (क्षयजंतू शोधणारी तपासणी), सीटी स्कॅन, गरजेनुसार बायोप्सी. क्षय असताना सारकॉयडोसिस समजून नुसते स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो. त्यामुळे आधी क्षय नसल्याची खात्री.

• माहूरहून तपासणीसाठी: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विष्णुपुरी, नांदेड, सुमारे १३० किमी.