वजाबाकीतली बाकी

इंजिनाच्या पोटात : भाग १४

मागच्या आठवड्यात हेड चढवून बोल्ट टॉर्कवर आवळले आणि तिथेच थांबलो. आज पुशरॉड घालायचे. पण माझ्यासमोर सोळा कोऱ्या पुशरॉडचा जो डबा आहे, त्यातला एकही या इंजिनात जाणार नाही. चूक माझीच. कॅमशाफ्ट मागवला त्याच दिवशी कॅटलॉगात बघून हे रॉडही मागवले होते. म्हटलं, टपालखर्च एकदाच.

इंजिन तेच, आपलं नेहमीचं. शेवरोलेचं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-८, डेट्रॉइटजवळच्या माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये स्टँडवर चढवलेलं. या घराण्याचा पहिला अवतार १९५५ सालचा, २६५ घनइंचांचा. त्यात कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅमचा लोब लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. पुशरॉड म्हणजे मधला निरोप्या, दुसरं काही नाही. पोकळ नळी असल्यामुळे जाताजाता रॉकरला तेलही पोचवतो.

रॉकरची मांडणी मात्र नीट बघून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पूर्वी सगळे रॉकर एका सामाईक दांड्यावर ओवलेले असत. पॉन्टिअॅकचे इंजिनिअर क्लेटन लीच यांनी प्रत्येक रॉकरला स्वतःचा खुंटा दिला. पत्र्यातून दाबून काढलेला रॉकर, मधे अर्धगोल, वर नट. शेवरोलेनं हीच युक्ती उचलली. स्वस्त, हलकं आणि सुटसुटीत. पण यामुळे रॉकर खुंट्यावर किती उंचीला बसेल, ते ठरवायचं काम पुशरॉडच्या लांबीकडे गेलं. रॉड लांब, तर रॉकर वर. आखूड, तर खाली.

मूळ ३५० मध्ये रॉड साधारण ७.८ इंचांचा. १९८७ पासून कारखान्यानं रोलर लिफ्टर घातले, ते उंच, म्हणून रॉड ७.२ च्या आसपास आला. आपणही नवा कॅम रोलरचाच घेतलाय, तेव्हा मी ७.२०० मागवून मोकळा झालो. पण जुन्या ब्लॉकमध्ये बसणारे रोलर लिफ्टर वेगळे, पुशरॉड टेकतो त्या वाटीची उंची वेगळी. बरं, गेल्या तेरा भागांत आपण काय काय केलंय ते आठवा. ब्लॉकच्या तोंडावरून १० थाऊ काढले (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडचे लेथवालेही हाच शब्द वापरतात). हेडला फेस मारला. गॅस्केट पातळ घेतलं. यातल्या प्रत्येक कामानं हेड कॅमच्या जवळ आलं, म्हणजे रॉड आखूड लागणार. उलट व्हॉल्व्हच्या सीट कापल्या, तेव्हा व्हॉल्व्ह आत बसले आणि त्यांची टोकं वर आली. जास्त लिफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या कॅमची पाठ, म्हणजे लोबचा गोल भाग, बारीक असते. त्यामुळे लिफ्टर खाली बसतो आणि रॉड लांब लागतो. इतक्या बेरजा-वजाबाक्या झाल्यावर जी बाकी उरते, ती पुशरॉडची लांबी. ती कॅटलॉगात कशी सापडणार?

मग मोजायची कशी? त्यासाठी लांबी बदलता येणारा मापाचा रॉड मिळतो. मधे आटे असतात, बहुतेकांना इंचाला २०, म्हणजे एक फेरा फिरवला की ५० थाऊ. एका सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरच्या जाड स्प्रिंग काढून बोटानं दबतील अशा हलक्या स्प्रिंग घालायच्या. हायड्रॉलिक लिफ्टरऐवजी मोजणीपुरता सॉलिड लिफ्टर घ्यायचा, नाहीतर हायड्रॉलिकमधला प्लंजर खाली दबतो आणि माप खोटं येतं.

पहिल्यांदा रॉड ७.२०० वर लावला. लिफ्टर कॅमच्या पाठीवर आहे याची खात्री केली, नट ढिलेपणा जाईपर्यंतच फिरवला. व्हॉल्व्हच्या टोकावर निळ्या मार्करनं रंग दिला आणि क्रँक दोन फेरे फिरवला, म्हणजे कॅमचा एक पूर्ण फेरा झाला. रॉकर काढून पाहिलं, तर निळ्यात एक चकचकीत पट्टी. रॉकरच्या टोकाचा रोलर जिथून जिथवर गेला, तिथला रंग पुसलेला.

ही पट्टी मधोमध आहे की नाही, इकडेच बहुतेकांचं लक्ष जातं. माझं मत वेगळं आहे. आधी बघायची ती तिची रुंदी. रॉकरचं टोक कमानीत फिरतं. ते खुंट्याच्या मध्याशी समपातळीत येतं तेव्हा सर्वांत बाहेर असतं, त्याच्या वर किंवा खाली असताना आत. ही समपातळी बरोबर अर्ध्या लिफ्टला आली, तर टोक थोडं बाहेर जातं आणि तेवढंच परत येतं. रॉकरचा हात दीड इंच आणि लिफ्ट अर्धा इंच धरला, तर ही सगळी ये-जा कागदावर भरते जेमतेम २१ थाऊ. पण समपातळी व्हॉल्व्ह बंद असतानाच आली, तर टोक उघडताना सतत आतच सरकत राहतं आणि तीच घसरण ८६ थाऊ होते. चौपट! रॉड लांब असेल तर हे असं होतं. आखूड असेल तर टोक उलट बाहेर बाहेर जात राहतं. दोन्ही वेळा व्हॉल्व्हला आडवा धक्का बसतो आणि तो व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या गाईडला सोसावा लागतो. गाईड झिजला की तेल खाली उतरतं आणि सायलेन्सर निळा धूर सोडू लागतो.

७.२०० वर रोलर बाहेरच सरकत होता. म्हणजे रॉड आखूड. एक फेरा दिला, ७.२५०. पट्टी थोडी बारीक. आणखी एक फेरा, ७.३००. आता पट्टी पहिलीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं बारीक, आणि क्रँक हळू फिरवला की रोलर बाहेर जाऊन परत येताना स्पष्ट दिसतो. ७.३५० वर पुन्हा रुंद झाली. डायल गेज लावून अर्धी लिफ्ट तपासली, तिथेही ७.३०० च खरं निघालं. फरक डोळ्याला फार नसतो, जवळ भिंग ठेवा.

लांबी ठरली, आता प्रीलोड. हायड्रॉलिक लिफ्टरचा प्लंजर थोडा दबलेला हवा. ढिलेपणा संपला की नट अर्धा फेरा. खुंट्याला इंचाला २४ आटे, म्हणजे नट अर्ध्या फेऱ्यात २१ थाऊ उतरतो. पण प्लंजर तेवढाच दबतो असं नाही. व्हॉल्व्हकडचं टोक जागचं हलत नाही, त्यामुळे १.५ च्या रॉकरचं रॉडकडचं टोक ३५ थाऊ उतरतं. हे गणित चुकवणारे पुष्कळ आहेत. १९९७ च्या एलएस१ मध्ये तर ते फारच महागात पडतं. तिथे रॉकर बोल्टनं पक्का बसतो, फिरवायला नट नाहीच. सगळा प्रीलोड रॉडच्या लांबीतच. त्या बोल्टच्या आट्याची चाल सव्वा मिलिमीटर, रॉकर १.७ चा. एक फेरा म्हणजे रॉडच्या टोकाशी ४९ नव्हे, ७८ थाऊ.

ढिलेपणा संपला, हे कळतं कसं? कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुलेटचं काम करणारे एक मामा होते. ओतीव लोखंडी बुलेटच्या पुशरॉडला खालीच ॲडजस्टमेंट असते. थंड इंजिनावर रॉड चिमटीत धरून ते म्हणायचे, “फिराय पायजे, पन हलाय न्हाय पायजे.” बुलेटला हे सोळा आणे खरं. पण हायड्रॉलिक लिफ्टरवर हाच हात फसतो. रॉड फिरायला जड होईपर्यंत नट आवळत गेलात, तर प्लंजर तोवर बराच दबलेला असतो, कारण त्याची आतली स्प्रिंग नाजूक. इथे रॉड फिरवून नाही, वर-खाली हलवून बघायचा. हलणं थांबलं, तिथे शून्य.

मग ७.३०० चे सोळा रॉड मागवले, यावेळी एकटेच, वेगळा टपालखर्च भरून. डबा उघडला, पहिल्या रॉडला व्हर्नियर लावला. ७.२८४. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी रॉडकडे. दुसरा लावला, तोही ७.२८४. मग टोक नीट बघितलं. रॉडच्या टोकाला गोळी असते आणि तिच्या माथ्यावर तेलाचं भोक. भोकामुळे गोळीचा वरचा शेंडाच नाहीसा होतो आणि व्हर्नियर त्या कापल्या काठावर टेकतो. इथे गोळी ५/१६ इंचाची, भोक एक दशांश इंचाचं. प्रत्येक टोकाला ८ थाऊ गेले, दोन्ही मिळून १६. गोळी पूर्ण असती तर जी भरली असती, ती लांबी ७.३००. मापाचा रॉडही हीच लांबी सांगतो, हे त्याच्या पत्रकात लिहिलेलं होतं. मी डबा परत करण्याच्या बेतात असताना शेजाऱ्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

सोळाही रॉड आत गेलेत. पुढच्या आठवड्यात हलक्या स्प्रिंग उतरवून खऱ्या चढवू.