हाड उघडं पडलं, तर नुसत्या मलमपट्टीवर थांबू नका

बसल्या जागी एक करून पाहा. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत नडगीवर अंगठा फिरवा. काय लागलं हाताला? कातडी, आणि तिच्याखाली लगेच हाड! मांस आहे ते बहुतेक मागे, पोटरीत. आणि तीही घोट्याकडे येता येता निमुळती होते. पायाच्या जखमा चिघळतात त्याचं एक मोठं कारण या ठेवणीतच आहे.

अंधेरी-बोरिवलीचा द्रुतगती मार्ग असो, की घाटकोपर-मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग, आपल्या घरची माणसं रोज तिथून येतात-जातात. स्कूटर घसरते, पायावरून चाक जातं; नडगी मोडते आणि वरची कातडी सोलवटून हाड उघडं पडतं. हाडाचे डॉक्टर हाड जुळवतात. मग भेटायला आलेलं कुणीतरी सांगतं, ‘‘रोज ड्रेसिंग करा, येईल भरून.’’ आपणही आठवडे मोजत बसतो. इथंच घात होतो! उघडं हाड सुकतं, त्यात पू धरतो, आणि कधी कधी पाय कापण्याची पाळी येते.

तुम्ही म्हणाल, मांडीची कातडी काढून लावली तर? पण नुसती कातडी लावणं म्हणजे मेथी पेरण्यासारखं आहे. ओल्या मातीत ती रुजेल, फरशीवर कशी रुजणार? उघड्या, कोरड्या हाडावर कातडी धरत नाही. तिथं ‘फ्लॅप’ लागतो. रोप जसं मुळाच्या मातीसकट उचलून लावतो, तसा मांस-कातडीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट जखमेवर आणायचा. जखम गुडघ्याजवळ किंवा नडगीच्या मध्यावर असेल, तर बहुधा पोटरीचाच स्नायू पुढे वळवतात. घोट्याजवळ कधी शेजारची कातडी फिरवून भागतं. नाही तर मांडीचा किंवा पाठीचा तुकडा आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात.

ही युक्ती परकी नाही बरं का! इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या लोकांनी १७९२च्या युद्धात कापलं. पुण्याजवळ एका कारागिरानं कपाळाची कातडी देठासकट वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. त्या देठातूनच रक्त येत होतं; आजच्या फ्लॅपचं मर्मही तेच.

यात वेळेला फार महत्त्व आहे. युगोस्लाव्हियातल्या डॉ. मार्को गोदिना यांच्या ५३२ रुग्णांचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. अपघातानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना दुसरीकडून आणलेला फ्लॅप लावला, त्यांच्यात तो शंभरात एकाचाही फुकट गेला नाही. तीन दिवसांनंतर ते तीन महिन्यांपर्यंत ज्यांना लावला, त्यांच्यात शंभरात बारा जणांचा गेला.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारा: ‘‘हाड उघडं आहे का? प्लास्टिक सर्जननी जखम पाहिली का?’’ प्लास्टिक सर्जन म्हणजे केवळ रूप खुलवणारा डॉक्टर, हा समज सोडा. शीव, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग आहे. खर्चाची काळजी असेल, तर सरकारी योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि घरच्यांनी एवढं सांभाळा:

● अपघात होताच स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, कॉफीची पूड काही भरू नका.

● फ्लॅप निळसर, पांढराफटक किंवा गार लागला, तर लगेच नर्सला सांगा. सकाळपर्यंत थांबू नका.

● डॉक्टर सांगेपर्यंत पाय उंचावरच ठेवा. लोंबकळू देऊ नका.

● विडी-सिगारेट, तंबाखू, मिसरी पूर्ण बंद. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात.

● डाळी, अंडी, दूध भरपूर द्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

● बसवलेल्या कातडीला बरेच दिवस स्पर्श कळत नाही. गरम पाण्याची पिशवी लावलीत, तर भाजलेलंही समजणार नाही!

शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. जखम तुमच्याच पायाला झाली, तर ‘घरचं कोण बघणार?’ म्हणून आठव्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहू नका. नवऱ्याच्या पायासाठी जे प्रश्न विचाराल, तेच स्वतःच्या पायासाठी विचारा. चार दिवस वरण-भात दुसऱ्या कुणी लावला, तर बिघडत नाही; पाय मात्र एकदा गेला की गेला.