येळवशीला लेकराला घरी ठेवू नका. स्वमग्न मुलाला शेतात नेताना हे सांभाळा

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव भागातली गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, उंडे आणि पाव्हणेरावळे. पण एखाद्या घराला त्या दिवशीही आतून कडी असते. आत आजी आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं लेकरू. "गर्दीत रडतंय, लोक बघतात, त्यापेक्षा घरीच बरं," असं आईबाप म्हणतात. खोटं नाही ते. "धाक नाही म्हणून असं करतंय" असं ऐकवणारे प्रत्येक कोपीवर एक-दोन असतातच.

स्वमग्नता धाकाने जात नाही आणि आईच्या लाडाने येतही नाही. बाहेरची बाधा तर नाहीच. अशा मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होते. आपल्याला साधा वाटणारा स्पीकरचा आवाज त्यातल्या काहींना सहन होत नाही. काहींना आंबिलीचा आंबट वास नको असतो, कोणी अंगाला हात लावलेला चालत नाही. रोजच्यापेक्षा काही वेगळं अचानक समोर आलं की घाबरून ओरडतात. तो हट्ट नसतो.

आमच्या शेजारच्या शिवारातल्या एका घराने गेल्या वर्षी वेगळं केलं. सणाच्या दोन दिवस आधी बापाने पोराला मोटारसायकलवर रिकाम्या शेतात नेलं. कोप दाखवली, मोबाईलवर फोटो काढले. आदल्या रात्री तेच फोटो ओळीने दाखवले: गाडी, बांध, कोप, जेवण, परत घर. सणादिवशी पाव्हणे यायच्या आत सकाळी नऊला नेलं. डब्यात त्याचा नेहमीचा दहीभात, अंगावर जुना धुतलेला शर्ट आणि फुल पँट, कारण हरभऱ्याची आंब पायाला चुरचुरते. पोरगं बांधावर बसून तासभर माती बोटांतून सोडत होतं. बाराला गर्दी वाढली, त्याने कान झाकले, तसं आईने लगेच घरी आणलं. तीन तासांची येळवस झाली, पण झाली.

आता जास्त महत्त्वाचं. अशी बरीच मुलं न सांगता निघून जातात आणि त्यातल्या अनेकांना पाण्याची ओढ असते. आपल्या शेतात पाणी म्हणजे बिनकठड्याची विहीर, कॅनॉल आणि शेततळं. शेततळ्याचा प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. म्हणून कागदावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम सोडून ठेवा. कुंपण असेल तर फाटकाला कुलूप घाला.

पोरावर लक्ष ठेवायला एकच माणूस नेमा, नाव घेऊन. "सगळे आहेत की" म्हणलं की कोणीच बघत नाही. तासाने दुसऱ्याने घ्यायचं, पण "आता तू बघ" असं तोंडाने सांगूनच. शर्टाच्या आत मोबाईल नंबरची चिठ्ठी शिवा. लेकरू दिसेनासं झालं तर पहिली धाव विहीर-तळ्याकडे, बाकी शोध नंतर. नुसत्या हाका मारत फिरू नका. अशी मुलं नावाला ओ देतीलच असं नाही. ११२ वर फोन लावा. शेजारच्या शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवा, त्यात लाज कसली?

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं की एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. तपासणी झालेली नसेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

आणि तुम्ही कोणाच्या कोपीवर पाव्हणे म्हणून गेलात आणि असं लेकरू दिसलं, तर उचलून घेऊ नका, बळंच पाया पडायला लावू नका. भज्जीचा आग्रह आईबापाला करा. स्पीकर तुमचा असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा.