मृताचे वस्त्र : पंसुकूल ते स्मृति-गोधडी

वापरून टाकलेल्या कपड्यांपासून अनेकांनी मिळून घडविलेल्या कलाकृतींना अलीकडच्या काळात कलाविश्वात मान्यता मिळाली आहे. तिचा विचार करू लागताच आपल्या वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी उतरविलेले कपडेच आले, त्यांनी चिंध्यांचे कौतुक का करावे? या शंकेचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकाच वस्तूचा, म्हणजे मृताच्या वस्त्राचा, तीन ठिकाणी मागोवा घेत आहोत.

पहिले ठिकाण मनुस्मृतीचे आहे. तिच्या दहाव्या अध्यायातील ५२ व्या श्लोकात चांडाळ व श्वपच यांच्यासाठी नियम घालून दिले आहेत. त्यांनी प्रेताची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे अलंकार घालावेत आणि सदैव भटकत राहावे, असे तेथे सांगितले आहे. येथे वस्त्र हे लज्जारक्षणाचे किंवा थंडीवाऱ्यापासून बचावाचे साधन राहत नाही. माणूस दुरून ओळखू यावा व तो दूरच ठेवला जावा, यासाठी लावलेली ती खूण आहे. नेसणाऱ्याची इच्छा कोणी विचारलेली नाही.

हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. त्याच परिषदेच्या निमित्ताने बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. स्वतःला अस्पृश्य मानू नका, स्पृश्य स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, असा उपदेश त्यांनी केला. त्याच वेळी, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, मात्र ते स्वच्छ असावे, असेही त्यांनी सांगितले. या उपदेशातील भेद सूक्ष्म आहे. बाबासाहेबांचा विरोध ठिगळाला नव्हता. विरोध होता तो हीनतेच्या खुणेला. ठिगळ गरिबीमुळे येते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. खूण मात्र दुसऱ्याने लादलेली असते, म्हणून ती टाकलीच पाहिजे.

दुसरे ठिकाण विनयपिटकाचे. भिक्खूच्या चार निस्सयांपैकी एक म्हणजे पंसुकूल चीवर. रस्त्यावर, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेले कापड उचलावे, धुवावे, कापून जोडावे, रंगवावे व पांघरावे, अशी ही पद्धती होती. म्हणजे मनूने ज्या वस्त्राची शिक्षा ठोठावली, तेच प्रेतवस्त्र येथे क्षत्रिय, ब्राह्मण, श्रेष्ठी आणि न्हावी अशा सर्व कुळांतून आलेले भिक्खू सारख्याच रीतीने अंगावर घेत होते. सर्वांनीच ते पांघरल्यावर त्याची खूण म्हणून असलेली किंमत संपली.

परंतु भगवान बुद्धांनी याचीही सक्ती होऊ दिली नाही. जीवक वैद्याने सिवेय्यक वस्त्राची जोडी अर्पण केली, तेव्हा त्यांनी तिचा स्वीकार केला व गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्याची अनुज्ञा दिली. पुढे देवदत्ताने जी पाच मागणी केली, तीत भिक्खूंनी आजन्म पंसुकूलच वापरावे अशीही एक होती. तथागतांनी ती नाकारली. ज्याला हवे त्याने पंसुकूल घ्यावे, ज्याला हवे त्याने गृहस्थांचे चीवर घ्यावे, असा त्यांचा निर्णय होता. लादलेली चिंधी आणि निवडलेली चिंधी यांतील अंतर या निर्णयात स्पष्ट दिसते.

चीवराला रूप कसे आले, हेही महावग्गात सांगितले आहे. दक्खिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेले त्यांचे चौकोनी तुकडे दाखवून, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तशी चीवरे शिवली. शेतकऱ्याच्या श्रमाने जमिनीवर उमटलेली आकृती अशा रीतीने संघाच्या वस्त्रावर आली.

आणि हे काम एकट्याचे नव्हते. धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्धाच्या चीवराची हकिकत येते. त्यांनी उकिरड्यावरून कापड मिळविले आणि चीवर करण्याच्या दिवशी सारा संघ जमला. महाकस्सप, सारिपुत्त व आनंद शिवावयास बसले, इतर भिक्खू सूत कातू लागले, आणि स्वतः शास्ते सुईत दोरा ओवून देत होते. कठिनाच्या विधीतही एका दिवसात सर्वांनी मिळून चीवर पुरे करण्याचा हाच भाव आहे.

तिसरे ठिकाण आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात एड्सने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या रोगाभोवती असा विटाळ निर्माण झाला की, अंत्यसंस्कार करणाऱ्या अनेक संस्थांनी मृतदेह स्वीकारण्यासही नकार दिला. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मोर्चात क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना मृतांची नावे पुठ्ठ्यांवर लिहावयास सांगितले. ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावले गेले, तेव्हा त्यांना ती भिंत गोधडीसारखी दिसली. त्यातून १९८७ मध्ये ‘एड्स स्मृति-गोधडी’चे काम सुरू झाले.

तिची रचना साधी आहे. प्रत्येक मृतासाठी तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा, कापडी तुकडा. असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा चौरस होतो. आई, भाऊ, मित्र, शेजारी, कोणीही तुकडा शिवावा; शिवणकामात निष्णात असण्याची अट नाही. अनेकांनी मृताचा सदरा, विजार, टोपी त्यातच शिवली आणि वर त्याचे नाव घातले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानात १,९२० तुकडे अंथरले गेले आणि नावे मोठ्याने वाचली गेली. आज तुकड्यांची संख्या सुमारे ५० हजार असून त्यांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. ज्यांना मूठभर माती नाकारली गेली, त्यांना राष्ट्राच्या राजधानीत जागा मिळाली.

आता मूळ शंकेकडे वळू. वस्त्र तिन्ही ठिकाणी मृताचेच आहे. फरक आहे तो संबंधांचा. मनूच्या विधानात इच्छा नाही, सहभाग नाही, नावही नाही. विनयात इच्छा आहे व संघाचा सहभाग आहे. स्मृति-गोधडीत या दोहोंबरोबर नावही आहे. जुन्या वस्त्राच्या कोणत्याही कलेस आपण हेच तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. स्वतःला नको झालेले कपडे दुसऱ्याच्या दारात टाकून त्यास दान म्हणणे या कसोटीस उतरत नाही.

आपल्या घरोघरी वाकळ शिवली जाते. आईचे विटलेले लुगडे, वडिलांचे धोतर तिच्या थरांत असते. शेजारणी चारी बाजूंनी बसून धावदोरा घालतात. इच्छा आणि सहभाग तेथे आहेतच. उणीव आहे ती नावाची. वर्षावासाच्या काळात विहारात माता-भगिनी एकत्र जमतात. ज्यांनी चळवळीसाठी आयुष्य वेचले पण ज्यांची नोंद कोणत्याही पुस्तकात झाली नाही, त्यांचे एखादे वस्त्र प्रत्येक कुटुंबाने आणावे, त्यावर त्यांचे नाव दोऱ्याने घालावे आणि सर्वांनी मिळून एक वाकळ पुरी करावी. ही सूचना आम्ही विहार समित्यांच्या विचारार्थ ठेवीत आहोत. त्यासाठी खर्च फारसा लागणार नाही. लागेल ती नावे आठवण्याची तयारी, आणि ती सांगू शकणारी वृद्ध मंडळी आज आपल्यात आहेत तोवरच ती उपयोगी पडेल.