दवाखान्याचे दार

‘सरकारी दवाखाना बरा की खासगी?’ हा प्रश्न पालक मेळाव्यात आम्हांस हटकून विचारला जातो. उत्तरादाखल आम्ही एक खटला सांगतो.

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्यास गंभीर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. पुढे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी कोठे खाट नाही, कोठे उपचाराची साधने नाहीत, असे सांगून त्यास परत पाठविले. अखेर एका खासगी रुग्णालयाने दाखल करून घेतले. खर्च आला सुमारे १७,००० रुपये. त्या काळी मजुराच्या घरी ही रक्कम म्हणजे काय, हे आमच्या पिढीस सांगावयास नको.

येथवर खासगी व्यवस्थाच सरस ठरते. परंतु आपल्या संघटनेसह तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तो शासनाविरुद्ध. १९९६ साली निकाल लागला : सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, निधी नाही, ही सबब चालणार नाही. २५,००० रुपये भरपाई मंजूर झाली.

खासगी रुग्णालयात आपण ग्राहक असतो. सेवेत कसूर झाल्यास ग्राहक न्यायालय आहे, पण ते पैसे मोजणाऱ्यासाठी. सरकारी रुग्णालयात आपण नागरिक म्हणून जातो, उपकार मागावयास नव्हे. म्हणून तेथे कोणी ‘खाट नाही’ म्हटले, तर ते केसपेपरवर लिहून मागावे.