टंगस्टनच्या कांडीची निगा

दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन किंवा स्टेनलेस स्टीलची पातळ टाकी फुटली, कीं साध्या वेल्डिंगनें तें भोंक बहुधा वाढतेंच. अशा नाजूक कामास टिग वेल्डिंग उपयोगी पडतें. नांगराच्या जाड फाळास मात्र साधें वेल्डिंग पुरेसें आहे.

ही रीत १९४१ च्या सुमारास अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यांत रसेल मेरेडिथ यांनीं मॅग्नेशियम जोडण्याकरितां बसविली. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणून त्याची कांडी विजेची ज्योत धरते, पण स्वतः जोडांत उतरत नाहीं. भरीची तार दुसऱ्या हातानें द्यावी लागते. भोंवतीं सुटणारा आर्गॉन वायु हवेस दूर ठेवतो.

नवशिक्याच्या हातून कांडीचें टोंक वितळलेल्या धातूस वारंवार लागतें. तसें होतांच काम थांबवावें. मळलेल्या कांडीनें रेटल्यास ज्योत भरकटते व जोड अशुद्ध होतो. दुधाच्या भांड्यांत असा जोड पुन्हां गळूं लागतो. मळलेला भाग काढून नवें टोंक करावें. पोलादी कामास टोंकाचा उतार कांडीच्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट ठेवावा. घासण्याच्या रेघा लांबीच्या दिशेनें पडाव्यात, आडव्या नव्हेत. ग्राइंडरचें चाक या एकाच कामास राखावें. ज्योत विझल्यावर टॉर्च लगेच उचलूं नये. दर १० अँपिअरांस सुमारें १ सेकंद वायु वाहूं द्यावा, नाहीं तर तापलेली कांडी हवेनें काळी पडते.

तांबड्या पट्टीच्या कांडींत थोरियम असतें. तें किरणोत्सर्गी असून त्याची धूळ श्वासावाटे जाणें घातक आहे. शेतकऱ्यानें लँथॅनमयुक्त कांडी घ्यावी, हें आमचें मत. आर्गॉन हवेहून जड असल्यानें खड्ड्यांत वा बंद टाकींत सांचतो व माणूस नकळत गुदमरतो. तेथें काम करूं नये.

यंत्र घेतांना एक गोष्ट पहावी. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर फोडण्यास एसी प्रवाह लागतो. केवळ डीसी देणारें स्वस्त यंत्र पोलादास चालेल, पण दुधाच्या कॅनास बहुधा निरुपयोगी ठरेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ज्यांच्या घरीं मुलगा वा मुलगी हातकामांत रस घेते, त्यांनीं आधीं शिक्षणास पैसा खर्चावा, मग यंत्रास, अशी आमची शिफारस आहे.